जुना पियानो: दुरुस्तीवर खर्च करावा की नाही?

जुन्या पियानोसमोर उभं राहिलं की बहुतेक जण तीन गोष्टी बघतात: लाकडाची चकाकी, झाकणावरचं कंपनीचं नाव आणि वाद्याचं वय. निर्णय मात्र या तिन्हींपैकी एकाच्याही भरवशावर घेता येत नाही. चकाकी तर सर्वांत कमी कामाची. ओरखडे पडलेल्या, पॉलिश उडालेल्या पेटीत फार सुंदर वाजणारा पियानो असू शकतो आणि नुकतंच पॉलिश केलेल्या पेटीत आठवडाभरही सूर न धरणारा. नावाचा उपयोग होतो, पण तेही जपून वाचावं लागतं. एके काळी अनेक विक्रेते दुसऱ्याच कारखान्यातून पियानो बनवून घेत आणि त्यावर स्वतःच्या पसंतीचं भारदस्त नाव लावून विकत. आणि वयाबद्दल तर मोठाच गैरसमज आहे.

व्हायोलिन जितकं जुनं तितकं मोलाचं, असं आपण ऐकलेलं असतं आणि तोच नियम पियानोला लावतो. पण या दोन वाद्यांचं आयुष्य वेगळ्या तऱ्हेचं आहे. व्हायोलिनला चार तारा असतात. पियानोला साधारण २३० तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा ताण रात्रंदिवस, कोणी वाजवत असो वा नसो, आतल्या लाकडावर आणि बिडाच्या चौकटीवर असतोच. शिवाय ८८ पट्ट्यांमागे लाकूड, कापड, फेल्ट (दाबून घट्ट केलेली लोकर) आणि चामड्याचे हजारो छोटे भाग सतत हलत, घासत, आपटत असतात. असं यंत्र वयाने सुधारत नाही, झिजतं. चांगला सांभाळलेला पियानो कित्येक दशकं उत्तम चालतो, पण केवळ जुना आहे म्हणून तो मौल्यवान ठरत नाही. उलट बाजूने, केवळ जुना आहे म्हणून तो टाकाऊही होत नाही.

म्हणून विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. हा पियानो दुरुस्त होऊ शकतो का? आणि तो दुरुस्त करावा का? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असतं. कुशल कारागीर, वेळ आणि पैसा असेल तर पियानोचा जवळपास प्रत्येक भाग नवा बसवता येतो. खरा प्रश्न दुसरा आहे. लोक फसतात ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर दुसरा विचारायचा राहतो म्हणून.

झिजणारे भाग आणि मूळ सांगाडा

पियानोत काही भाग झिजण्यासाठीच असतात, ते बदलले जाणार हे गृहीतच असतं. काही भागांवर मात्र अख्खं वाद्य उभं असतं. पहिल्या गटातली दुखणी दिसायला भयंकर असली तरी बरी होणारी असतात. दुसऱ्या गटातली दुखणी बाहेरून दिसत नाहीत, पण खर्चाचा आकडा त्यांच्यावर ठरतो.

पट्टी दाबली की सावकाश परत येते, दोन पट्ट्या एकमेकींना अडकतात, एखादा स्वर वाजतच नाही, हे ऐकून पियानो गेला असं वाटतं. बहुधा दमटपणाने कापडाचे बारीक अस्तर फुगलेले असतात किंवा एखादी स्प्रिंग तुटलेली असते. ही नेहमीची कामं आहेत. कसर लागून फेल्ट खाल्लं गेलं असेल, पट्ट्यांखाली उंदरांनी घर केलं असेल, तर काम वाढतं, पण तेही भाग बदलण्याचंच काम आहे. (उंदरांच्या लघवीने तारा आणि धातूचे भाग गंजतात, म्हणून वास येत असेल तर आत नीट बघायला हवं.)

हातोड्यांकडे मात्र थोडा वेळ द्या. तारेवर आपटून आपटून त्यांच्या फेल्टवर खोल चरे पडतात. मग आवाज पत्र्यासारखा, टोचणारा होतो. तंत्रज्ञ फेल्टचा वरचा थर घासून हातोडीला पुन्हा गोलसर टोक देतो, मग सुयांनी टोचून तिचा कडकपणा कमी करतो. आवाज पुन्हा मऊ होतो. पण प्रत्येक घासणीत फेल्ट कमी होत जातं. वरच्या सप्तकातल्या हातोड्या आधीच पातळ असतात. तिथे लाकूड दिसायला लागलं असेल तर हातोड्यांचा पूर्ण संच बदलावा लागतो. तरीही ही दुरुस्तीच आहे, पुनर्जन्म नाही.

आता दुसरा गट. यात सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी ओळखीचा, भाग म्हणजे पिनब्लॉक. तारांची टोकं ज्या लोखंडी खुंट्यांना गुंडाळलेली असतात, त्या खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते लाकूड. ते साधारणपणे मेपल किंवा बीचसारख्या कठीण लाकडाचे थर चिकटवून बनवलेलं असतं. खुंटी जेमतेम ७ मिलिमीटर जाडीची, भोक तिच्याहून किंचित लहान. नट नाही, बोल्ट नाही. सरासरी ८० किलोच्या आसपास ओढणारी तार केवळ लाकडाच्या पकडीवर जागच्या जागी राहते.

ही पकड तपासताना बघण्यासारखी असते. तंत्रज्ञ ट्यूनिंगची चावी खुंटीवर बसवतो आणि अगदी जरासा जोर देतो. खुंटी निरोगी असेल तर आधी हाताला विरोध जाणवतो, मग ती केसभर सरकते, स्वर वर चढतो आणि चावी सोडली तरी तिथेच थांबतो. खुंटी सैल असेल तर ती लोण्यात फिरल्यासारखी फिरते आणि हात काढता काढता स्वर खाली घसरतो. अशा पाच-दहा खुंट्या असतील तर त्यांच्या जागी किंचित जाड खुंट्या ठोकता येतात, किंवा भोकांत अतिपातळ सायनोअॅक्रिलेट गोंद सोडून पकड वाढवता येते. हा गोंदाचा उपाय स्वस्त आहे आणि बेताच्या पियानोसाठी पुष्कळदा पुरेसा ठरतो. पण खुंट्यांभोवती काळपट, चिकट डाग दिसले तर सावध व्हा. पूर्वी कोणीतरी पकड वाढवायला तिथे द्रव ओतलेला असू शकतो, आणि तसं असेल तर नंतरचे उपाय नीट लागू पडत नाहीत.

पूर्ण पिनब्लॉकच भेगाळला असेल तर गोष्ट बदलते. ग्रँड पियानोत, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोत, सगळ्या तारा काढून, बिडाची चौकट उचलून नवा ब्लॉक बसवावा लागतो. उभ्या पियानोत तो मागच्या सांगाड्याशीच जखडलेला असतो, त्यामुळे तिथे हे काम आणखी किचकट होतं आणि फारसं कोणी हाती घेत नाही. उभ्या पियानोचा पिनब्लॉक गेला असेल तर माझ्या मते तिथेच थांबावं, फार विरळा अपवाद सोडून.

पकड कशी आहे याचा अंदाज चावी नसतानाही घेता येतो. मधल्या आणि वरच्या बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकसुरात असायला हव्यात. पियानो सगळा मिळून सारखाच उतरला असेल, स्वरांचं आपसातलं नातं बऱ्यापैकी टिकून असेल, तर तो फक्त बरीच वर्षं लावलेला नाही. पण शेजारचे स्वर बरे आणि मध्येच एखादा स्वर भलतीकडे गेलेला, त्याच्या तीन तारा तीन दिशांना, असं जागोजागी ऐकू आलं तर खुंट्या सैल असण्याची शक्यता मोठी.

सारखा उतरलेला पियानोही वर चढवताना विचार करावा लागतो. आज ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. १९३९ साली लंडनच्या परिषदेत या आकड्याची शिफारस झाली. त्याआधी वेगवेगळे आकडे चालत. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता. म्हणजे फार जुना पियानो थोडा खाली असेल तर कदाचित तो तसाच बनवला गेला असेल. पण तो ४१५ वर, म्हणजे पूर्ण अर्धा स्वर खाली आला असेल तर हिशेब असा: तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४१५ वरून ४४० वर न्यायचं तर प्रत्येक तारेचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, आणि सगळ्या वाद्यावर जवळजवळ दोन टन नवा भार येतो. गंजलेल्या तारा यात तुटतात. एक-दोन तुटल्या तर नवीन घालता येतात. ओळीने तुटायला लागल्या तर सगळ्या तारा बदलायची वेळ आली आहे, हे समजावं.

साउंडबोर्ड: भेग दिसली म्हणून घाबरू नका

तारेचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. तो खोलीभर पोहोचतो साउंडबोर्डमुळे. स्प्रूसच्या लाकडाची ही मोठी, जेमतेम ८ ते १० मिलिमीटर जाडीची फळी तारांकडे किंचित फुगवून बसवलेली असते आणि मागच्या बाजूने आडव्या पट्ट्यांनी तोललेली असते. हा फुगवटा तारांचा दाब पेलतो. हवेतला दमटपणा वर्षानुवर्षं वरखाली होत राहिला की लाकूड फुगतं, आकसतं, भेगाळतं आणि फुगवटा बसत जातो.

विकणारा भेगा लपवतो आणि घेणारा त्यांना भितो. भेग हा मृत्युलेख नव्हे. पुष्कळ चांगले पियानो भेगा घेऊन वर्षानुवर्षं छान वाजतात. भेगेपाशी मागची पट्टी फळीपासून सुटली असेल तर ठरावीक स्वरांना भणभण ऐकू येते, आणि तीही पुन्हा चिकटवता येते. फुगवटा तपासायला दोऱ्याचा तुकडा पुरतो. उभ्या पियानोच्या मागे किंवा ग्रँडच्या खाली जाऊन, फळीच्या सर्वांत लांब पट्टीच्या बाजूने दोरा फळीलगत दोन्ही टोकांना घट्ट धरायचा. मध्यभागी फळी आणि दोरा यांच्यात काही मिलिमीटर फट दिसली तर फुगवटा शिल्लक आहे. दोरा पूर्ण टेकला तर फळी सपाट झाली आहे. मात्र सपाट फळीचेही काही पियानो गोड वाजतात, त्यामुळे शेवटचा निकाल कानाचा.

कानाने काय ऐकायचं? आस. मधल्या ‘सी’च्या वरच्या दुसऱ्या सप्तकात एकेक स्वर मध्यम जोराने वाजवा, पट्टी दाबूनच ठेवा आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐका. थकलेल्या साउंडबोर्डची खूण सर्वांत आधी याच भागात सापडते: सुरुवातीला टोला ऐकू येतो आणि मागे नाद उरतच नाही, ठोकळ्यावर मारल्यासारखं होतं. खालचे स्वर अजून घुमत असतात, म्हणून वरवर वाजवणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. नवे हातोडे, नव्या तारा घालूनही ही आस परत येईलच असं नाही. ती आणण्यासाठी फळीच दुरुस्त करावी किंवा बदलावी लागते, आणि ते सर्वांत महागड्या कामांपैकी एक आहे.

तारांचं कंपन फळीपर्यंत नेणाऱ्या घोडीवर बारीक खिळ्यांची रांग असते. टॉर्च धरून मंद्र स्वरांच्या घोडीकडे बघा. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत भेग गेलेली दिसली तर खिळे हलू लागतात आणि स्वर डळमळतो. घोडीचा वरचा थर नवा करता येतो. बिडाच्या चौकटीला तडा मात्र क्वचित जातो, आणि गेला तर बहुतेक पियानोंचा प्रवास तिथेच संपतो, कारण इतका भार पेलणाऱ्या बिडाला भरवशाचा जोड देणं फार अवघड असतं.

मेहनत तितकीच, फळ वेगळं

साध्या पियानोत आणि उत्तम पियानोत नवा पिनब्लॉक बसवायला, २३० तारा चढवायला, ८८ हातोड्या जुळवायला लागणारी मेहनत जवळपास सारखीच असते. ग्रँडच्या पूर्ण पुनर्बांधणीला शेकडो तास लागतात. काम संपल्यावर मात्र एकातून थोर वाद्य बाहेर येतं आणि दुसऱ्यातून नवाकोरा साधा पियानो. दुरुस्ती वाद्याला त्याच्या मूळ उंचीपर्यंत नेऊ शकते, क्वचितच त्याच्या वर. म्हणून ‘काय बिघडलंय’ याच्याइतकंच ‘मुळात हे काय होतं’ हे विचारायला हवं.

मूळ गुणवत्तेत लांबीला फार महत्त्व आहे. मंद्र स्वरांच्या तारा आखूड असतील तर त्या जास्त जाड कराव्या लागतात आणि जाड, आखूड तारेचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूर) नैसर्गिक जागेवरून सरकतात, आवाज गढूळ होतो. म्हणूनच १३० सेंटिमीटर उंचीचा जुना उभा पियानो कित्येकदा दिमाखदार पण बुटक्या ग्रँडपेक्षा खाली जास्त स्वच्छ वाजतो. लोक ग्रँडच्या आकारावर भाळतात; माझा सल्ला तारांची लांबी बघण्याचा आहे.

मग नावाचं काय? स्टाइनवे, बेखस्टाइन आणि ब्ल्यूथनर या तिन्ही कंपन्या योगायोगाने एकाच वर्षी, १८५३ मध्ये सुरू झाल्या. अशा घराण्यांचे मोठे ग्रँड पुन्हा बांधायला घेतले जातात, कारण त्या दर्जाचा नवा पियानो घ्यायचा तर बहुधा त्याहून जास्त मोजावे लागतात. हा हिशेब सामान्य पियानोला लागू होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पियानो प्रचंड संख्येने बनत होते. १९०९ साली एकट्या अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक बनले. त्यांतले बरेच भक्कम होते, पण दुर्मीळ नव्हते आणि आजही नाहीत. असा एखादा शंभर वर्षांचा उभा पियानो पूर्ण नव्याने बांधला तर झालेला खर्च विक्रीतून परत येण्याची आशा धरू नये.

काही प्रकार तर बाजारात वापरासाठी घेऊच नयेत असे आहेत. टेबलासारखे आडवे चौकोनी पियानो दिसायला देखणे, पण आजच्या वादनाला अपुरे. ज्यांचे डँपर (नाद थांबवणारे फेल्टचे तुकडे) हातोड्यांच्या वर, धातूच्या काड्यांच्या जाळीमागे असतात ते उभे पियानो नाद नीट थांबवत नाहीत आणि दुरुस्तीला त्रासदायक असतात. स्पिनेट नावाच्या अगदी बुटक्या पियानोत यंत्रणा पट्ट्यांच्या पातळीखाली असते, तिथे छोट्या कामालाही बराच भाग सोडवावा लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला ऐतिहासिक वाद्यं आहेत. पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याचे फक्त तीन पियानो आज उरले आहेत, १७२०, १७२२ आणि १७२६ सालचे. अशा वाद्यात जुनं फेल्ट, जुनं चामडं, जुना सरस हाच पुरावा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, लाकडी चौकटीचा पियानो हाती आला तर काहीही बदलण्याआधी त्या काळच्या वाद्यांच्या जाणकाराला दाखवा. तिथे ‘नवंकोरं करून देतो’ म्हणणारा माणूस नुकसान करतो.

आठवणींची किंमत

घरातल्या कोणाचा तरी पियानो असतो, त्यावर कोणीतरी पहिली धून शिकलेलं असतं. हे कारण पूर्णपणे वैध आहे आणि कोणत्याही तंत्रज्ञाने ते उडवून लावू नये. फक्त त्याला गुंतवणुकीचं रूप देऊ नका. परत न येणारा खर्च आहे हे मान्य करून केला, तर नंतर मनस्ताप होत नाही. शिवाय आठवण जपायला पूर्ण पुनर्बांधणीच लागते असं नाही. आत स्वच्छता, अडकणाऱ्या पट्ट्या मोकळ्या करणं, हातोड्या घासणं, यंत्रणेची मापं पुन्हा जुळवणं आणि पियानो आहे त्याच सुरात, म्हणजे थोडा खालीच, नीट लावून घेणं, एवढ्यावर कितीतरी जुने पियानो घरच्या घरी आनंदाने वाजतात. इतर वाद्यांच्या साथीला तो चालणार नाही, एकट्याने वाजवायला चालेल. शिकणाऱ्या मुलासाठी मात्र अर्धवट चालणारा पियानो ठेवू नये. बोटांना चुकीची सवय लागते, कानालाही, आणि मूल आपल्यालाच जमत नाही असं समजून सोडून देतं.

तपासणी शक्यतो अशा तंत्रज्ञाकडून करून घ्या ज्याला ते काम मिळणार नाही. त्याला फक्त तपासणीचे पैसे द्या आणि लेखी अहवाल मागा: खुंट्यांची पकड, साउंडबोर्ड, घोड्या, तारा, हातोड्या, यंत्रणा, प्रत्येकाची आजची अवस्था. नंतर काम देताना ‘रीस्टोअर’ या शब्दावर समाधान मानू नका. कोणी नुसतं पॉलिश करूनही तो शब्द वापरतो. काय नवं घालणार आणि काय जुनं ठेवणार हे भागाभागाने लिहून घ्या, आणि पैसे अपुरे असतील तर पॉलिश सगळ्यात शेवटी ठेवा.

पांढऱ्या पट्ट्यांवर एक नजर टाका. पुढचा रुंद भाग आणि मागची अरुंद पट्टी यांच्यामध्ये बारीक सांध्याची रेघ दिसली आणि पृष्ठभागावर लाकडासारखे हलके धागे दिसले, तर ते बहुधा हस्तिदंत आहे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून कडक बंधनं आहेत, त्यामुळे असा पियानो देशाबाहेर न्यायचा असेल तर कागदपत्रांची चौकशी आधी करावी, पॅकिंग झाल्यावर नव्हे.

आणि काम करून घ्यायचं ठरलंच, तर तो पियानो जिथे परत येणार ती खोली आधी तयार करा. बाहेरच्या भिंतीपासून, खिडकीच्या उन्हापासून, हीटर आणि एसीच्या झोतापासून दूर जागा हवी, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास, मुख्य म्हणजे स्थिर. नव्या तारा बरेच महिने ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षात तो तीन-चारदा तरी लावून घ्यावा लागेल. त्याचा खर्चही मूळ अंदाजातच धरून ठेवा.